दोघंही नकोत, मग मत कुणाला? तुम्ही विचारलंत म्हणून

‘दोन्ही उमेदवार नकोसे वाटतात. मग मत द्यायचं कशाला, आणि द्यायचंच तर कुणाला?’ अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेली मराठी माणसं अध्यक्षीय निवडणूक आली की हा प्रश्न विचारतात. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन आणि डोनाल्ड ट्रम्प समोरासमोर होते तेव्हा विचारला गेला. २०२४ मध्ये पुन्हा बायडन विरुद्ध ट्रम्प अशीच लढत होणार असं दिसू लागलं, तेव्हा तर फारच. वैताग अगदी रास्त आहे. पण हा प्रश्न बहुधा ऑक्टोबरमध्ये येतो, आणि ऑक्टोबरमध्ये त्याचं चांगलं उत्तर शिल्लक नसतं. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर कोण असणार हे सहसा जानेवारी ते जून या काळात ठरतं, आणि ते ठरवायला फार थोडी माणसं जातात. २०१६ मध्ये दोन्हीकडे चुरस असूनही मतदानाला पात्र असलेल्यांपैकी तिघांतला एकसुद्धा प्रायमरीला, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाला, गेला नव्हता.

२०२४ चंच बघा. १५ जानेवारीला आयोवात कडाक्याच्या थंडीत, संध्याकाळी सात वाजता रिपब्लिकन कॉकस (मतदारांनी एकत्र जमून उमेदवार निवडण्याची सभा) झाला. सुमारे ३२ लाख वस्तीच्या राज्यातून जेमतेम १ लाख १० हजार लोक आले. २३ जानेवारीला न्यू हॅम्पशायर झालं. ५ मार्चच्या ‘सुपर ट्यूजडे’ला एका दिवसात पंधरा राज्यांनी मतदान केलं, दुसऱ्या दिवशी ट्रम्प यांच्या रिपब्लिकन प्रतिस्पर्धी निकी हेली शर्यतीतून बाहेर पडल्या आणि १२ मार्चपर्यंत बायडन आणि ट्रम्प या दोघांकडे आपापल्या पक्षात बहुमताला पुरतील एवढे डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) जमा झाले होते. न्यू जर्सीची प्रायमरी ४ जूनला होती. म्हणजे एडिसनच्या मराठी मतदाराच्या हातात मतपत्रिका आली तेव्हा निवड होऊन बारा आठवडे उलटले होते. हा त्याचा दोष नाही, वेळापत्रकाचा आहे. पण ज्यांची राज्यं लवकर मतदान करतात (कॅलिफोर्निया, टेक्सस, व्हर्जिनिया, मॅसॅच्युसेट्स ही सगळी ५ मार्चला होती) त्यांनी घरी बसणं मला खरोखर हळहळ लावतं.

घरी बसण्याचं एक मोठं कारण रजिस्ट्रेशनच्या फॉर्मवर असतं. पक्ष विचारला की आपली माणसं ‘कुठलाच नाही’वर खूण करतात. भारतात पक्षाचा सदस्य म्हणजे पावती फाडलेला कार्यकर्ता, आणि ते लेबल आपल्याला नको असतं. इथे पक्षाची नोंद म्हणजे प्रायमरीत कोणती मतपत्रिका मिळणार याची नोंद, एवढंच. वर्गणी नाही, बांधिलकी नाही. नोव्हेंबरमध्ये तुम्ही कुणालाही मत देऊ शकता. तोटा इतकाच की ही नोंद उमेदवारांच्या प्रचारयंत्रणेला मिळते आणि फोनवर मेसेजचा मारा होतो.

नियम राज्यागणिक बदलतात, आणि गोंधळ तिथेच होतो. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया आणि फ्लोरिडात प्रायमरी बंद आहे: पक्षाची नोंद नसेल तर अध्यक्षपदासाठी मतपत्रिकाच मिळत नाही. न्यूयॉर्कमध्ये नोंद बदलायची शेवटची तारीख १४ फेब्रुवारी. २०२४ ची प्रायमरी २ एप्रिलला होती, म्हणजे वातावरण तापायच्या आधीच दार बंद. पेनसिल्व्हेनियात मतदानाच्या १५ दिवस आधीपर्यंत बदल चालतो, फ्लोरिडात २९. न्यू जर्सीत कुठल्याच पक्षात नसलेल्या मतदाराला मतदानाच्या दिवशी केंद्रावर पक्ष सांगून मतपत्रिका घेता येते. पण एका पक्षातून दुसऱ्यात जायचं असेल तर ५५ दिवस आधी फॉर्म पोचायला हवा, आणि एकदा पक्ष सांगितला की तुम्ही स्वतः बदलेपर्यंत तुमची नोंद त्याच पक्षात राहते. हे पुढच्या खेपेला विसरलं जातं आणि मग ‘मला का अडवलं’ म्हणून केंद्रावर वाद होतो. टेक्सस, व्हर्जिनिया, जॉर्जिया, मिशिगन इथे नोंदीची भानगडच नाही. त्या दिवशी दोन्हींपैकी एक मतपत्रिका मागायची. टेक्ससमध्ये मात्र मार्चमध्ये ज्या पक्षाची मतपत्रिका घेतलीत, मेच्या रनऑफमध्येही (कुणालाच बहुमत न मिळाल्यास होणाऱ्या दुसऱ्या फेरीत) त्याच पक्षात मत देता येतं.

सर्वांत जास्त फसगत कॅलिफोर्नियात होते. तिथे ‘नो पार्टी प्रेफरन्स’ नोंदवलेल्या मतदाराला पोस्टाने येणाऱ्या प्रायमरीच्या मतपत्रिकेवर बाकी सगळं असतं, पण अध्यक्षपदाचा रकानाच नसतो. लोक लिफाफा उघडतात आणि छपाई चुकली असं समजतात. छपाई बरोबर असते. अध्यक्षपदाच्या उमेदवारांची ‘क्रॉसओव्हर’ मतपत्रिका आधी काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) निवडणूक कार्यालयाकडून मागून घ्यावी लागते. २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक, लिबर्टेरियन आणि अमेरिकन इंडिपेंडंट या पक्षांनी ती देऊ केली होती. रिपब्लिकन पक्षाने नाही, तिथे नोंदच बदलावी लागते. वेळ निघून गेली असं वाटलं तरी आलेली कोरी मतपत्रिका केंद्रावर नेऊन बदलून घेता येते. दुसरा सापळा नावाचा: ‘अमेरिकन इंडिपेंडंट’ हा एक स्वतंत्र, कट्टर उजवा पक्ष आहे. आपण ‘इंडिपेंडंट’ आहोत म्हणून त्यावर खूण केलेले मतदार वर्षानुवर्षं त्या पक्षाच्या यादीत बसलेले असतात.

पोस्टाने मत देणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांभाळायची. प्रायमरीत घाई करू नका. २०२० मध्ये पीट बुटिजेज १ मार्चला आणि एमी क्लोबुशार २ मार्चला शर्यतीतून बाहेर पडले, सुपर ट्यूजडे ३ तारखेला होता. कॅलिफोर्नियात मतपत्रिका जवळजवळ महिनाभर आधी घरी येतात. ज्यांनी आल्या आल्या भरून टाकल्या त्यांची मतं शर्यतीत नसलेल्या माणसांना गेली, आणि टाकलेलं मत परत मागता येत नाही. सार्वत्रिक निवडणुकीत लवकर मत द्या. प्रायमरीत मात्र शेवटच्या दोन-तीन दिवसांपर्यंत थांबा आणि मतपत्रिका पोस्टात न टाकता अधिकृत ड्रॉप बॉक्समध्ये टाका.

मतांचं डेलिगेटमध्ये रूपांतर कसं होतं हेही समजून घ्यायला हवं, कारण ‘बहुसंख्यांना नको असलेला माणूस उभा कसा राहतो’ याचं उत्तर तिथे आहे. डेमोक्रॅट प्रमाणात वाटप करतात, पण १५ टक्क्यांखालच्याला काही मिळत नाही. रिपब्लिकन पक्षात बऱ्याच राज्यांत पहिल्या आलेल्याला सगळे किंवा बहुतेक डेलिगेट जातात. २०१६ मध्ये सतरा जण मैदानात होते. ट्रम्प यांना एकूण प्रायमरी मतांपैकी सुमारे ४५ टक्के मिळाली आणि तेवढ्यावर डेलिगेटचं स्पष्ट बहुमत झालं. विरोधी मतं वाटली गेली, हे गणित आपल्याकडच्या तिरंगी-चौरंगी लढतींमुळे मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको.

उमेदवार आधीच ठरला असेल तरीही प्रायमरीला जा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. नाराजी मोजली जाण्याची ती सर्वांत चांगली जागा आहे. २७ फेब्रुवारी २०२४ ला मिशिगनमध्ये एक लाखाहून जास्त डेमोक्रॅटिक मतदारांनी, म्हणजे सुमारे १३ टक्क्यांनी, ‘अनकमिटेड’वर (कुठल्याच उमेदवाराला बांधील नाही) खूण केली. गाझाच्या प्रश्नावरचा राग त्यात होता. तो छापील निकालात आला, देशभर चर्चा झाली आणि दोन डेलिगेटही मिळाले. पेनसिल्व्हेनियात एप्रिलमध्ये, शर्यत सोडून दीड महिना झालेल्या निकी हेलींना दीड लाखाहून जास्त मतं पडली. हे मत वाया जात नाही, कारण सगळ्या प्रचारयंत्रणा ते आकडे काउंटीनिहाय वाचतात.

आता नोव्हेंबरकडे येऊ. इथे ‘नोटा’ का नाही, हे हमखास विचारलं जातं. फक्त नेवाडा राज्यात ‘यांपैकी कुणीही नाही’ असा पर्याय १९७० च्या दशकापासून आहे. २०१६ मध्ये तिथे त्याला अडीच टक्क्यांच्या आसपास मतं पडली, क्लिंटन आणि ट्रम्प यांच्यातल्या फरकाहून किंचित जास्तच. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर नेवाडाच्या रिपब्लिकन प्रायमरीत या पर्यायाने निकी हेलींना ६३ विरुद्ध ३० टक्के असं हरवलं. परिणाम शून्य, कारण डेलिगेट दोन दिवसांनी झालेल्या कॉकसमधून दिले गेले. एरवीही नियम असा की ‘कुणीही नाही’ पहिला आला तरी सर्वाधिक मतांचा माणूस विजयी. आपल्याकडे लोकसभा-विधानसभेला हेच आहे: २०१९ मध्ये लातूर ग्रामीणला नोटा २७ हजारांहून जास्त मतांनी दुसऱ्या क्रमांकावर होता, आणि निकालावर काही फरक पडला नाही. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी नोटा पहिला आल्यास फेरनिवडणूक असा आदेश काढला, तो याहून पुढचा आहे. नेवाडाने तेवढं धाडस अजून केलेलं नाही.

मग नाव हाताने लिहायचं का? अर्कान्सा, हवाई, लुइझियाना, ओक्लाहोमा, साउथ डकोटा आणि नेवाडात ती सोयच नाही. बाकी बऱ्याच ठिकाणी ज्याचं नाव लिहाल त्याने आधी कागदपत्रं दाखल केलेली असावी लागतात, नाहीतर मत कुणाच्याच खात्यात जात नाही. नाव लिहिल्यावर शेजारचं वर्तुळही भरायचं. ते राहिलं तर मशीनला ती ओळ दिसतेच असं नाही. रागाच्या भरात मतपत्रिकेवर शेरे मारू नका किंवा सही करू नका. ओळख पटेल अशी खूण केली तर काही राज्यांत अख्खी मतपत्रिका बाद होऊ शकते.

त्यापेक्षा अध्यक्षपदाचा रकाना कोरा ठेवणं सोपं. बाकीची मतं पूर्ण ग्राह्य राहतात. काहींना वाटतं, सगळं भरलं नाही तर मतपत्रिका फुकट जाते. तसं नाही. उलट एकाच पदासाठी दोघांवर खूण केली तर त्या पदाचं मत बाद होतं. केंद्रावरचं स्कॅनर बहुधा हे तिथल्या तिथे सांगतं आणि नवी मतपत्रिका मागता येते. पोस्टाच्या मतपत्रिकेला असं सांगणारं कुणी नसतं.

तिसऱ्या पक्षाला मत द्यायचं असेल तर आपल्या राज्याचा आकडा पाहून द्या. फ्लोरिडात २००० साली बुश ५३७ मतांनी जिंकले, ग्रीन पक्षाचे नेडर यांना ९७ हजारांवर मतं होती. २०१६ मध्ये मिशिगनचा फरक १० हजार ७०४ होता आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांची मतं ५१ हजारांहून जास्त. ती सगळी मतं दुसऱ्या कुणाला गेली असती असं मी म्हणत नाही. त्यांतले कितीतरी घरीच बसले असते. पण पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन अशा चुरशीच्या राज्यांत राहणाऱ्याने दोघांपैकी कोण जास्त नको आहे ते ठरवून मत द्यावं, असं मला वाटतं. कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीत चुरस कमी असते, तिथे तिसऱ्या पक्षाच्या मताला वेगळा उपयोग आहे: देशभरात ५ टक्के मतं मिळाली की त्या पक्षाला पुढच्या निवडणुकीत सरकारी निधी मिळू शकतो. रिफॉर्म पक्षाचे पेरो यांना १९९६ मध्ये सुमारे ८.४ टक्के मिळाली, म्हणून २००० साली त्या पक्षाला सुमारे १ कोटी २६ लाख डॉलर मिळाले. २०१६ मध्ये लिबर्टेरियन पक्षाचे गॅरी जॉन्सन सव्वातीन टक्क्यांच्या आसपास थांबले. आणि मत देण्याआधी तो उमेदवार अजून उभा आहे ना, तेही पाहा: २०२४ मध्ये रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी ऑगस्टमध्ये माघार घेतली, पण मिशिगन आणि विस्कॉन्सिनच्या मतपत्रिकांवर त्यांचं नाव तसंच राहिलं.

वैतागलेल्या मतदाराने मतपत्रिकेची खालची बाजू, म्हणजे इतर पदं आणि प्रस्ताव, तर सोडूच नये, कारण निवडीचे नियम काही राज्यांत तिथेच ठरतात. मेन आणि अलास्कात अध्यक्षपदासाठीही पसंतीक्रमाने मत देता येतं. पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला की मत दुसऱ्या पसंतीकडे जातं, त्यामुळे ‘मत फुटेल’ ही धास्ती बरीच कमी होते. २०२४ मध्ये कोलोरॅडो, आयडाहो, नेवाडा आणि ओरेगॉनच्या मतदारांनी पसंतीक्रमाचे प्रस्ताव फेटाळले. अलास्कात ही पद्धत रद्द करण्याचा प्रस्ताव हजाराहूनही कमी मतांनी पडला. त्याच मतपत्रिकांवर वरच्या बाजूला अध्यक्षपदाचे उमेदवार होते, ज्यांच्याबद्दल सगळे चिडलेले होते.

पुढची अध्यक्षीय निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ ला आहे. २०२७ च्या दिवाळीच्या सुट्टीत राज्याच्या निवडणूक खात्याच्या संकेतस्थळावर आपलं नाव, पत्ता आणि पक्षाचा रकाना तपासा, घरातल्या नुकत्याच अठरा वर्षांच्या झालेल्यांचाही. नोंद बदललीत तर ती संकेतस्थळावर दिसेपर्यंत अधूनमधून पाहत राहा. दोन-तीन आठवड्यांत दिसली नाही तर काउंटीला फोन करा. आणि ज्यांना त्याहून पुढे जायचं आहे त्यांनी काउंटीला आणखी एक विचारावं: आपल्या प्रभागातली पक्षसमितीची जागा रिकामी आहे का? न्यू जर्सीत ही पदं जूनच्या प्रायमरीतच निवडली जातात, सह्या फार थोड्या लागतात आणि कितीतरी प्रभागांत कुणी अर्जच भरत नाही.