चोवीस तासांची लघवी आणि न सांगितलेली एक ओळ

आईचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा, १.४ आलं तेव्हा घरात कोणी फार मनावर घेतलं नाही. 'थोडंसंच वाढलंय' म्हणून सगळे मोकळे झाले. जळगावच्या डॉक्टरांनी वय धरून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, काढला, तो ४३ भरला. साठीच्या पुरुषाचं क्रिएटिनिन तेवढंच असतं तर आकडा ५७च्या घरात गेला असता. बायकांच्या अंगात स्नायू कमी असतात, म्हणून हा फरक. तुमच्या रिपोर्टवर नुसतं क्रिएटिनिन असेल तर ईजीएफआर मागून घ्या. त्याच क्रिएटिनिनवरून २०२१च्या सूत्राने निघतो, वेगळं रक्त लागत नाही.

मग किडनीतून प्रोटीन गळतंय का, हे चोवीस तासांच्या लघवीत बघायचं ठरलं, आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं.

लॅबच्या काउंटरवरच्या मुलाने मोठा कॅन हातात दिला आणि 'सकाळपासून सकाळपर्यंत भरा' एवढंच सांगितलं. मे महिना, चोपड्याकडचं ऊन, त्यात दुपारी लाइट जायची. फ्रिजमध्ये दुधाशेजारी कॅन ठेवायला आई काही केल्या तयार होईना. 'माले काय व्हयनं?' हे पालुपद सुरूच. शेवटी बर्फाच्या लादीचा तुकडा आणला, थर्माकोलच्या खोक्यात कॅन ठेवला, वर ओलं गोणपाट टाकलं. रात्री ती उठली की मी बॅटरी घेऊन सोबत.

हे सगळं एसटीने जळगावला नेलं, तर काउंटरवर दुसरीच मुलगी. "पहिली लघवी टाकून दिली होती ना, ताई?" आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. "मग परत भरून आणा." कॅन तिथेच रिकामा केला. माझा राग अजून उतरलेला नाही. रात्रभर साठलेली लघवी आदल्या दिवसाची असते. ती धरली तर प्रोटीनचा आकडा फुगतो. मुलीचं बरोबरच होतं. पण ही एक ओळ कॅनवर चिकटवायला काय जातं? म्हातारं माणूस उन्हात बसने येतं, एवढा तरी विचार करावा.

तर पहिल्या सकाळची लघवी टाकायची, ती वेळ कॅनवर लिहायची, मग थेंब न् थेंब धरायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची शेवटची धरून थांबायचं. त्याच कॅनमधलं क्रिएटिनिनही मोजायला सांगा. लघवी पूर्ण जमली का, हे डॉक्टरांना त्यावरून कळतं.

पुन्हा सगळं केलं, रिपोर्ट मिळाला. त्यानंतर डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी हा खटाटोप नको, सकाळच्या एका बाटलीतून अल्ब्युमिन (हेही प्रोटीनच) आणि क्रिएटिनिनचं प्रमाण काढलं तरी भागेल. कॅन हातात घेण्याआधीच हे विचारून घ्या.

एक राहिलं. कापूस वेचून कंबर धरली की आई मेडिकलवरून डायक्लोफेनॅक आणायची. त्या गोळ्या किडनीला घातक, म्हणून डॉक्टरांनी आधी बंद केल्या. तीन महिन्यांहून जास्त काळ बिघाड टिकला तरच त्याला किडनीचा दीर्घकालीन आजार म्हणतात, त्यामुळे पुन्हा तपासणी आहे. तारीख पोळ्याच्या सुमाराची मिळालीय.