खिडकीतला धुतलेला ॲशट्रे

त्या दिवशी माझ्या बॅगेत एका रुग्णाच्या क्लोझापीन या मानसिक आजारावरच्या औषधाचा डोस ५०० वरून ५५० मिलिग्रॅम करण्याची चिठ्ठी होती आणि तिच्यावर फक्त माझी सही व्हायची राहिली होती. चार महिने उलटले तरी ती चिठ्ठी माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहीत आहे.

मी सामुदायिक मानसोपचारतज्ज्ञ आहे. वॉर्डात न बसता, रुग्ण जिथे राहतो तिथे जाऊन त्याच्यावर उपचार करणे हे माझे काम. बाहेरून वाटते तितके ते बोलण्याचे काम नाही. अर्धा दिवस गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा हिशेब, रक्ततपासणीच्या तारखा आणि न उचलले जाणारे फोन यांतच जातो. इटलीत मानसोपचारतज्ज्ञ फ्रांको बझालिया यांच्या चळवळीतून १९७८ मध्ये १८० क्रमांकाचा कायदा झाला आणि मनोरुग्णालये टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा मार्ग मोकळा झाला. शिकत असताना तो इतिहास वाचला आणि मी ही शाखा निवडली. रुग्णाला आपल्या घरी राहता आले पाहिजे, हे मला आजही तितकेच पटते. मात्र वॉर्डातल्या परिचारिका चोवीस तास जे पाहतात ते घरी कोण पाहणार, या प्रश्नाला ‘आई’ एवढे उत्तर देऊन आपण बहुतेक वेळा मोकळे होतो.

हा रुग्ण पंचेचाळिशीचा, स्किझोफ्रेनियाचा, ११ वर्षे क्लोझापीनवर आणि त्यांतली ६ वर्षे माझ्याकडे. दोन औषधे पुरेशा डोसात देऊनही गुण आला नाही, तरच क्लोझापीनचा विचार करतात. या औषधामुळे पांढऱ्या पेशी घटून १९७५ मध्ये फिनलंडमध्ये काही रुग्ण दगावले, तेव्हा ते अनेक देशांत मागे घेतले गेले. पुढे १९८८ मधल्या एका अमेरिकन अभ्यासाने, जिथे इतर औषधे हरतात तिथे हे चालते, असे दाखवले आणि रक्ततपासणीच्या अटीवर ते परतले. त्यामुळे आमची सगळी शिस्त पांढऱ्या पेशींभोवती उभी आहे. दर महिन्याला रक्त जाते, पेशी मोजल्या जातात आणि अहवाल ठीक आला की पुढच्या गोळ्या मिळतात. रक्तात औषध किती साचले आहे, हे त्या तपासणीत दिसतच नाही. ती चाचणी वेगळी असते आणि कोणी मुद्दाम मागितली तरच होते. या रुग्णाचा त्या महिन्याचा अहवालही अगदी ठीक होता.

तो दिवसभर झोपून असतो, बोलत नाही, आंघोळीला उठत नाही, असे त्याच्या आईने फोनवर कळवले होते. आमच्या तरुण सहकाऱ्याने ‘आजार उलटत आहे’ अशी नोंद केली आणि ५० मिलिग्रॅम वाढवण्याचे सुचवले. मी त्याला दोष देत नाही, कारण ती नोंद वाचून मलाही तेच वाटले होते. मात्र रुग्णाला न पाहता नुसत्या फोनवर डोस बदलण्याची जी सवय कमी मनुष्यबळामुळे आपल्या सगळ्यांना लागली आहे, ती मोडली पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे.

सिस्टर आणि मी घरी पोहोचलो तेव्हा तो झोपलेला होता. सिस्टरांनी त्याच्या डोक्याखालची उशी अलगद काढून मला दाखवली. अभ्र्यावर लाळेचा मोठा ओला डाग होता आणि त्याच्याभोवती आदल्या रात्रींच्या वाळलेल्या डागांची पिवळसर वलये एकात एक पडली होती. क्लोझापीनने लाळ गळतेच, पण इतकी नाही. त्याला उठवून बसवले आणि हातात पाण्याचा पेला दिला, तर तोंडाशी नेताना त्याचा हात मध्येच झटका बसल्यासारखा उडाला आणि पाणी अंगावर सांडले. आजार उलटलेला माणूस सहसा जागा असतो, बिथरलेला असतो, न दिसणाऱ्या कोणाला तरी उत्तरे देत असतो. हा अडखळत बोलत होता, पण प्रत्येक उत्तर बरोबर देत होता. आवाज येत नव्हते. संशय नव्हता. पोट मात्र टणक लागत होते आणि सहा दिवस शौचाला झाले नव्हते.

सहा वर्षे त्या खोलीत पाऊल टाकले की पहिल्यांदा धुराचा वास येई. त्या दिवशी तो नव्हता आणि हे ध्यानात यायला मला दहा मिनिटे लागली. खिडकीत त्याचा काचेचा ॲशट्रे लख्ख धुऊन पालथा घातलेला होता.

“सिगारेट कधी सोडली?” मी विचारले.

“एकोणीस दिवस झाले, डॉक्टर,” त्याची आई म्हणाली. “तुम्हीच सांगितलं होतं ना? एकदम सोडली त्यानं. एकसुद्धा ओढली नाही.” त्यांच्या स्वरात अभिमान होता आणि तो रास्तच होता.

सिगारेटच्या धुरातली रसायने यकृतातल्या सीवायपी१ए२ या विकराला (एन्झाइमला) चेतवतात आणि क्लोझापीन फोडण्याचे काम मुख्यतः हाच विकर करतो. रोज पंचवीस सिगारेटी ओढणाऱ्याचे यकृत औषध भराभर संपवते, म्हणून त्याला डोसही जास्त लागतो. धूर थांबला की काही दिवसांतच विकर मंदावतो, आणि काल जो डोस पुरेसा होता तोच रक्तात दीडपट-दुपटीने साचू लागतो. यात निकोटीनचा हात नसतो, त्यामुळे निकोटीनची पट्टी लावूनही हे टळत नाही. हे सगळे मी विद्यार्थ्यांना शिकवते. गंभीर मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा साधारण १० ते २० वर्षे आधी जातात आणि त्यांतली बरीचशी हृदयाच्या व फुप्फुसांच्या विकारांनी जातात, हेही मी शिकवते. तिमाही तपासणीत त्याला सिगारेट सोडायला सांगितले ते याच कळकळीने. सोडण्याआधी मला कळव, हे एक वाक्य मात्र माझ्या तोंडून गेले नाही.

पुढचा दिवस तातडीच्या विभागात गेला. हात उडणे ही आकडी येण्याची पूर्वसूचना असू शकते आणि क्लोझापीनने थंडावलेली आतडी जीव घेऊ शकतात, असे सगळे मी पत्रात लिहून दिले होते. तरीही तिथल्या डॉक्टरांचे पहिले वाक्य, “मानसिक रुग्ण आहे, तुमच्याच विभागात न्या,” हेच होते. मी त्यांचा हात धरून त्याच्या पोटावर ठेवला, तेव्हा कुठे एक्स-रे निघाला. मोठे आतडे मळाने भरलेले होते, पण सुदैवाने कुठे अडथळा नव्हता. मग त्यांना क्लोझापीन पूर्णच बंद करायचे होते. औषधात ४८ तासांहून जास्त खंड पडला तर पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून हळूहळू चढावे लागते आणि त्या आठवड्यांत खरोखरच आजार उलटतो, हे समजावण्यात आणखी तास गेला. अखेर त्या रात्रीचा डोस गाळला आणि दुसऱ्या रात्रीपासून ३०० मिलिग्रॅमवर आणले. रक्तातल्या औषधाचा अहवाल चौथ्या दिवशी आला. दोन वर्षांपूर्वी दर मिलिलिटरला ४३० नॅनोग्रॅम असलेले प्रमाण ११८० झाले होते.

तो बरा होऊन घरी आल्यावर मी त्याला आणि त्याच्या आईला समोर बसवून काय झाले ते सांगितले. माझे काय चुकले, तेही सांगितले. त्याने धुराचा आणि यकृताचा भाग मला दोनदा सांगायला लावला. मग बराच वेळ तो हातातल्या गोळ्यांच्या पाकिटाकडे पाहत होता. त्या गोळ्यांनी येणाऱ्या गुंगीबद्दल तो वर्षानुवर्षे तक्रार करत असे आणि दर वेळी मी त्याला, तुला एवढा डोस लागतोच, असे समजावत असे.

“म्हणजे सिगारेट सोडली असती तर गोळ्या कमी झाल्या असत्या?” त्याने विचारले.

मी हो म्हटले.

“मग हे आधी का नाही सांगितलंत? मी तेव्हाच सोडली असती.”