खांब ७, डावीकडून चौथी

संध्याकाळी ऑफिसातून शीट परत आली ती निम्मी लाल होऊन. मुंबईच्या ससून डॉकमधल्या कोळंबी सोलणीच्या शेडच्या जवळजवळ सगळ्या नोंदींपुढे एकच शेरा होता: डुप्लिकेट.

आमचं काम थोडक्यात सांगतो. एखाद्या धक्क्याचा, बंदराचा, नदीकाठाचा कायापालट करायचं ठरलं की तिथे कोण कोण पोट भरतं ते आधी मोजायचं. 'आधी' म्हणजे कागदोपत्री. प्रत्यक्षात आम्ही पोचतो तेव्हा आराखड्याची रंगीत चित्रंसुद्धा तयार असतात. त्यात फरसबंदीवरून फुगेवाला आणि सायकलवाली मुलगी चाललेली असते, मासळीची पाटी कुठेच नसते. मी एका सल्लागार कंपनीसाठी पर्यवेक्षक म्हणून फिरतो. टॅबवर फॉर्म, फोटो, जीपीएसचा ठिपका, पुढचा माणूस.

घोळ त्या ठिपक्याचा होता. मोबाइलचं जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही चार-पाच मीटर इकडेतिकडे होतं, पत्र्याखाली तर विचारूच नका. सोलणारी बाई बसते ती जागा अडीच फूट बाय तीन फूट. म्हणजे यंत्राच्या एका ठिपक्यात वीस-पंचवीस बायका सहज मावतात. त्यात सगळ्यांचा व्यवसाय एक, गाळा नंबर नाही, आडनावं मोजकीच. पाच मीटरच्या आत तोच व्यवसाय पुन्हा दिसला की दुसरी नोंद काढून टाकायची, असा नियम सॉफ्टवेअरमध्ये घातलेला होता. दुकानांपुरता तो नियम चांगला आहे, हेही सांगायला हवं. एकाच गाळ्यावर बाप, मुलगा आणि जावई असे तीन फॉर्म भरून घेण्यात आपली जनता पटाईत आहे. पण इथे तोच नियम जित्याजागत्या बायकांना पुसून टाकत होता.

ससून डॉक १८७५ चा. लोकांना तिथला पहाटेचा लिलाव माहीत असतो, कारण फोटो तिथले निघतात. (फोटो काढायला मनाई आहे. तरी निघतात.) २०१७ मध्ये इथे कलामहोत्सव झाला, भिंतींवर चित्रं आली आणि नाकाला रुमाल लावून का होईना, शहर धक्का बघून गेलं. सोलणी मात्र लिलाव पांगल्यावर रंगात येते, तेव्हा बघे घरी गेलेले असतात. काही कोळणी, बऱ्याचशा बंजारा समाजातल्या बायका. डोकं चिमटीत मोडायचं, अंगठ्याने पोटाकडून कवच उलगडायचं, शेपटीला हलका झटका देऊन मांस सोडवायचं. मी हे लिहीपर्यंत त्यांच्या चार कोळंब्या होतात. हात सतत बर्फाच्या पाण्यात. कोळंबीच्या डोक्यावरचा काटा नखाच्या कडेत शिरतो, म्हणून बोटांवर रबरी मोज्यांची कापलेली टोकं चढवायची, ती नसतील तर चिंध्या. पैसे वजनावर. बोट आली तर काम, नाहीतर नाही. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे काहीच नाही. ओझी उचलणाऱ्या हमालांसाठी निदान १९६९ चा माथाडी कायदा आहे. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा. सोलणारी बाई ओझं वाहत नाही आणि काही विकतही नाही, त्यामुळे ती या दोन्हींच्या मधल्या फटीत.

दुसऱ्या दिवशी मी तेलरंगाचा डबा, ब्रश आणि मोजपट्टी घेऊन गेलो. जमिनीवर खडू टिकत नाही, दर अर्ध्या तासाला कुणीतरी पाणी मारतं. म्हणून खांबांवर नंबर टाकले. खांब ७, समुद्राकडची रांग, डावीकडून चौथी. असा प्रत्येकीचा पत्ता तयार झाला. या पद्धतीचा मला आजही अभिमान आहे. पाच मीटरची चूक थेट हातभरावर आली.

एक म्हातारी कोळीण मान वर न करता म्हणाली, "काय रं पोरा, आमचं गाळं पाडतोस काय?"

"गाळे नाही मावशी, नुसती नोंद."

"मग रंग कशाला लावतोस?"

तिचं बरोबर होतं. रंग लागला म्हणजे जागा मिळणार, ही बातमी चहाच्या टपरीपर्यंत जायला वेळ लागला नाही. त्या दिवशी न आलेल्या बायकांना फोन गेले. कुणी नात्यातल्या पोरीला आणून बसवलं. एका खांबापाशी दोघींनी एकमेकींच्या पाट्या भिरकावल्या. मग मुकादम आला, गोड बोलून मला बाजूला घेतलं आणि यादीची एक प्रत मागितली. त्याच्या वहीत वजनं होती, नावं नव्हती. नावांची यादी जगात फक्त माझ्या टॅबमध्ये. ती त्याच्या हातात पडली तर उद्या नव्या शेडमध्ये कुणाला घ्यायचं ते तोच ठरवणार. मी नाही म्हटलं. पण कंपनीच्या नियमाने ती यादी बायकांनाही देता येत नव्हती. मुकादमापासून राखलेली गोष्ट बायकांपासूनही राखली गेली, आणि याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

त्या म्हातारीपाशी परत गेलो तर वेगळाच पेच. जागा तिची, पण निम्मे दिवस सून बसते. गुडघे धरले की सासू घरी. सुनेचं पोर आजारी पडलं की सून घरी. फॉर्ममध्ये नाव एकच बसतं.

"कुणाचं लिहू?"

"दोघींचं लिव," सासू म्हणाली. सून काहीच बोलली नाही.

रात्री मसुदा अहवाल चाळताना खरी मेख दिसली. बाधितांच्या तक्त्यात सोलणीच्या शेडपुढे शून्य, कारण तिथे 'आस्थापना' नाही. आणि चार पानं पुढे, निर्माण होणाऱ्या रोजगाराच्या तक्त्यात, नव्या सोलणी केंद्रातल्या कामगारांचा भरघोस आकडा. त्याच बायका! जुन्या जागेवर नव्हत्याच, म्हणून नव्या जागेवर नव्याने जन्माला आल्या. इथे डुप्लिकेट कुणालाच दिसलं नव्हतं.

गैरसमज नको. मला जमिनीवरच्या सोलणीचं काडीचंही प्रेम नाही. निर्यातीच्या मालाला स्टीलची टेबलं, शुद्ध पाणी, नीट वाहणारी गटारं लागतातच, आणि मासळीच्या धक्क्यांवर सरकारी पैसा अजून ओतायला हवा. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेचाच आकार २०,०५० कोटींचा, आणि उद्दिष्ट ५५ लाख प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष रोजगारांचं. वर एवढे आकडे असले की खालच्या प्रत्येक अहवालाला आपला रोजगार फुगवून दाखवायची घाई होते. बांधकामातला रोजगार तर मनुष्यदिवसांत छापतात. एक माणूस वर्षभर राबला की तीनशे मनुष्यदिवस होतात. तीनशे छापून येतं, एक येत नाही.

मी वरिष्ठांना म्हटलं, मध्ये एक रकाना घालू: 'असलेला रोजगार, फक्त जागा बदललेली'. ते म्हणाले, "अरे, मग नवीन किती उरतात?" मी आकडा सांगितला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि तो विषय शेऱ्यांच्या रकान्यात टाकायला सांगितलं. शेऱ्यांचा रकाना गोषवाऱ्यात येत नाही, हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माणूस वाईट नाही. बंदिस्त केंद्रात शिफ्ट लागेल, ओळखपत्र लागेल, मग साठीच्या बाया कशा टिकतील, हे त्यांनीच मला आधी सांगितलं होतं. फक्त तक्त्यात नको.

सासू-सुनेचं मात्र मी करून टाकलं. 'सहधारक' हा रकाना फक्त जमीनधारकांच्या फॉर्मला असतो. मग त्या दोघींना जमीनधारक केलं: क्षेत्रफळ साडेसात चौरस फूट, सहधारक सून. आठवड्याभरात तपासणीकडून विचारणा आली, जमिनीचा पुरावा जोडा. मी खांब ७ चा फोटो जोडला. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही, पण नोंदही अजून कुणी उडवलेली नाही.