आईला, नवऱ्याला आणि धडधडीला घेऊन वेगास

आधीच सांगते, मला हायवेवर गाडी चालवायची भीती वाटते. गाडी येत नाही असं नाही, बारा वर्षं चालवतेय, इथे दक्षिण कॅलिफोर्नियात अर्वाइनमधे सगळीकडे एकटी फिरते. पण दोन वर्षांपूर्वी ९१ नंबरच्या हायवेच्या एक्सप्रेस लेनमधे, जिथे एकदा घुसलं की कितीतरी मैल बाहेरच पडता येत नाही, तिथे पॅनिक अटॅक आला आणि तेव्हापासून "पुढची एक्झिट किती लांब" हा एकच प्रश्न डोक्यात ठाण मांडून बसलाय. हात थंड, छाती धडधडतेय, आता आपण बेशुद्ध पडणार आणि मागचे ट्रक अंगावर येणार असं वाटतं. ज्यांना हे होतं त्यांना कळलं असेल, बाकीच्यांनी पुढे वाचा, रस्त्याची माहिती तुमच्याही कामाची आहे.

तर अशा बाईने मोहावी वाळवंटातून साधारण २६५ मैल गाडीने लास वेगासला जायचं ठरवलं, कारण आई साताऱ्याहून आलेली आणि तिला "ते दिवे" बघायचे होते. विमानाने तासाभराचं काम. पण आई म्हणाली, विमानातून काय दिसतंय गं, ढग? रस्त्याने जाऊ. नवरा गप्प बसून माझ्याकडे बघत होता. मी हो म्हणाले आणि रात्री झोपले नाही.

थेरपिस्टला सांगितलं तर ती खूश झाली, म्हणे छान गृहपाठ आहे, पण थेट उडी मारू नकोस. म्हणून दीड महिना आधीपासून दर रविवारी थोडं थोडं वाढवलं, आधी दोन एक्झिट, मग कोरोनापर्यंत (हे गावाचं नाव आहे, हसू नका), मग कहोन पासचा घाट चढून व्हिक्टरव्हिलला जाऊन नुसतं पाणी पिऊन परत. ट्रिपच्या तीन-चार दिवस आधी सुरू करून काही उपयोग नाही. आणि डॉक्टरने गोळी दिली असेल तर ती पहिल्यांदा घरी घेऊन बघा, रस्त्यावर प्रयोग नको, आणि तिने झोप येते का, ती घेऊन गाडी चालवलेली चालते का हे आधी विचारून घ्या.

फेब्रुवारीतला मधला आठवडा घेतला, मंगळवारी जाणं आणि गुरुवारी परत. हे सगळ्यात महत्त्वाचं. शुक्रवारी दुपारी जाताना आणि रविवारी दुपारी परतताना अख्खं दक्षिण कॅलिफोर्निया त्या एकाच आय-१५ हायवेवर असतं, चार तासाचे सात-आठ होतात. आता रस्त्याच्या मधल्या पट्ट्यातून फास्ट ट्रेन करतायत, रँचो कुकामोंगा ते वेगास २१८ मैल, २०२४ च्या एप्रिलमधे काम सुरू झालं, पण ती होईपर्यंत आपली गाडी आणि आपलं नशीब. उन्हाळ्यात तर जाऊच नका, पारा ४५ च्या आसपास आणि गाडी बंद पडली तर सावलीला झुडूपसुद्धा नाही.

करार असा होता की बार्स्टोपर्यंत नवरा चालवेल आणि पुढे मी. पहाटे साडेपाचला निघालो. कहोन पास म्हणजे आपला खंबाटकी, फक्त पाचपट रुंद आणि कडेने मैलभर लांबीच्या मालगाड्या. चार हजार फुटांच्या वर चढून गेलं की एकदम हिरवं संपतं आणि पुढे नुसतं मातकट. आई मागच्या सीटवर शाल गुंडाळून बसलेली, वाळवंटात थंडी कशी हा तिचा प्रश्न बार्स्टोपर्यंत चालला. (रात्री वेगासला पाच-सहा डिग्री होतं, स्वेटर न्याच.)

बार्स्टो साधारण ११५ मैलांवर, जवळपास निम्मं. इथे गॅस (म्हणजे पेट्रोल) भरा, बाथरूमला जा, खाऊन घ्या. पुढे बेकरला गॅस मिळतो पण भाव बघून वेगळाच अटॅक येईल. मी कॉफी टाळली, त्या दिवशी कॉफी म्हणजे धडधडीला आमंत्रण, दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. उपाशी पोटी धडधड जास्त होते हे मला फार उशिरा कळलंय. माणशी गॅलनभर पाणी डिकीत ठेवलेलं. मॅप फोनवर उतरवून ठेवा, कारण पुढे मधे मधे सिग्नल जातो आणि मॅप पांढरा झाला की माझ्यासारखीचं डोकंही पांढरं होतं.

मी एक चिठ्ठी करून डॅशबोर्डला चिकटवलेली. बार्स्टो ते बेकर ६२ मैल, बेकर ते प्रिम ५०, प्रिम ते वेगास ४०, आणि मधल्या एक्झिटची नावं. वाळवंट म्हटलं की मला वाटायचं एकदा शिरलं की संपलं, पण चिठ्ठी करताना लक्षात आलं की दर काही मैलांवर कुठली ना कुठली एक्झिट आहेच. तिथे काही नसतं, दोन रस्ते आणि एक पाटी, पण थांबता येतं, उलटं फिरता येतं. माझ्या ९१ च्या लेनपेक्षा मोहावी जास्त मोकळं आहे हो.

यर्मोला आईस्क्रीमच्या कपासारखी बिल्डिंग आहे, एडी वर्ल्ड, तिथली बाथरूम स्वच्छ. शेजारी कॅलिको म्हणून १८८१ च्या चांदीच्या खाणीचं ओसाड गाव आहे, वेळ असेल तर बघा, आम्ही नाही थांबलो कारण मी थांबले असते तर परत स्टिअरिंगला हात लावला नसता. मग बेकरच्या थोडं अलीकडे ती प्रसिद्ध पाटी येते, झायझिक्स रोड. स्पेलिंगमधे झेड, झेड, वाय, झेड, एक्स. एका बाबाने १९४४ मधे तिथे झऱ्यावर आरोग्यधाम काढलं आणि इंग्रजीतला अगदी शेवटचा शब्द हवा म्हणून हे नाव बनवलं. आईला समजावून सांगितलं तर म्हणाली, म्हणजे आपल्याकडचं ज्ञानी ज्ञ. मी चालवता चालवता हसले, आणि नवऱ्याने नंतर सांगितलं की तेव्हा माझे खांदे पहिल्यांदा खाली आले.

बेकरला १३४ फुटी थर्मामीटर उभा आहे, १९१३ च्या जुलैत डेथ व्हॅलीत १३४ फॅरनहाइट तापमान नोंदलं गेलं, म्हणजे ५६.७ सेल्सिअस, त्याची आठवण. त्या दिवशी तो ५८ दाखवत होता, फॅरनहाइट. आईने फोटो काढून साताऱ्याला पाठवला आणि तिकडे सगळ्यांना वाटलं ५८ सेल्सिअस. मामाचा लगेच फोन, अगं परत फिरा.

खरी परीक्षा बेकरनंतर. बेकर हजार फुटांच्या आत आणि तिथून चढ सुरू होतो तो मैलोनमैल सरळ, वळण नाही, काही नाही, समोर नुसती आभाळात गेलेली पट्टी. इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा अशी पाटी दिसते. ती पाटी वाचली आणि झालं. गाडी तापणार, बंद पडणार, सिग्नल नाही, आणि हात थंड. मी उजव्या लेनमधे ट्रकच्या मागे पन्नासने होते (लिमिट ७० आहे, पण चढाला उजवीकडे सगळे ट्रक रांगतच असतात, तिथे हळू चाललं तर कोणी हॉर्न मारत नाही). नवऱ्याला आधीच बजावलेलं, "काही नाही होत गं" म्हणायचं नाही, त्याने माझं डोकं अजून फिरतं. त्याने फक्त चिठ्ठी वाचली, हॅलोरन समिट, दोन मैल. मी श्वास सोडताना सहापर्यंत मोजत होते, घेताना चार, आणि मागून आईचं रोजचं स्तोत्र सुरू झालं, मुद्दाम नाही, तिची वेळच ती. एक्झिट घेतली, गाडी बाजूला लावली, उतरले. वारा असा की दार हातातून सुटलं. करड्या झुडपांचा वास, कोरडा, थोडा डांबरासारखा. दहा मिनिटं उभी राहिले. लाट येते, वर जाते आणि उतरते, पळून गेलं नाही तर उतरतेच, हे शंभरदा ऐकलेलं पण तिथे बघितलं. मग परत मीच बसले. नवरा म्हणाला मी घेतो, मी म्हणलं गप बस.

फक्त एक, हायवेच्या शोल्डरवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर, थांबू नका, ट्रक बाजूने जातात तेव्हा गाडी हलते आणि ते धोक्याचंही आहे. एक्झिट घ्या. आणि दुसरा ड्रायव्हर असल्याशिवाय पहिल्यांदा जाऊ नका.

पुढे माउंटन पासला ४७०० फुटांच्या वर जाऊन उतार लागतो आणि खाली इव्हानपाच्या सौरऊर्जा केंद्राचे आरसे, तीन टॉवर, उन्हात असे चकाकतात की बघवत नाही. मग प्रिम, म्हणजे नेव्हाडाची हद्द. इथे आता पूर्वीसारखी वर्दळ राहिली नाही, थांबू नका. नेव्हाडात लॉटरी नाही म्हणून तिकडचे लोक हद्दीवरच्या कॅलिफोर्नियाच्या दुकानात तिकीट काढायला रांग लावतात, आणि कॅलिफोर्नियाचे लोक जुगाराला तिकडे जातात. आईला हे फार आवडलं. वेगासच्या जरा अलीकडे सेव्हन मॅजिक माउंटन्स आहे, रंगवलेल्या मोठ्या दगडांचे तीस फुटांहून उंच ढीग, फोटोला छान, अर्धा तास पुरे.

आणि मी पोचले. मी, चालवत. आता सगळं सोपं असं वाटलं आणि तिथेच फसले.

हॉटेलात चेक-इनपासून लिफ्टपर्यंत जायला कॅसिनोतूनच जावं लागतं, तशीच रचना असते. खिडकी नाही, घड्याळ नाही, छत बुटकं, सिगरेटचा धूर, गालिच्याची नक्षी डोळ्यांपुढे वळवळते आणि हजार मशीन एकदम टिंगटिंग करतात. लिफ्टची पाटी दिसते, तिकडे जावं तर परत त्याच मशीनपाशी. तिसऱ्यांदा त्याच लाल खुर्चीजवळ आले आणि पायातला जीवच गेला. वाळवंटात एक्झिटची चिठ्ठी होती, इथे काहीच नाही. नवरा बॅगा घेऊन पुढे गेलेला. आईने माझा दंड धरला आणि मला एका मशीनपुढच्या खुर्चीत बसवलं, पर्समधून आलेपाकाची वडी काढली आणि म्हणाली चघळ, गिळू नको. जीभ झणझणली, डोळ्यातून पाणी आलं आणि डोकं जरा जागेवर. मग ती पाणी आणणाऱ्या बाईला हातवारे करून विचारत होती, डोअर, डोअर. आईचं इंग्रजी एवढंच, पण माझ्यापेक्षा जास्त कामाचं. दुसऱ्या मिनिटाला आम्ही बाजूच्या दाराने रस्त्यावर.

म्हणून तुम्हाला सांगते, भीती रस्त्याची धरून सगळी तयारी रस्त्याची करू नका. हॉटेल बिनकॅसिनोचं घ्या, अशी आहेत, व्हडारामधे कॅसिनोही नाही आणि सिगरेटही नाही, पुढच्या वेळी मी तिथेच. बुक करताना रिसॉर्ट फी (खोलीच्या भाड्यावर हॉटेल लावतं ती सक्तीची जादा रक्कम) आणि पार्किंग धरून हिशोब करा, शेवटी बिल बघून आई म्हणाली एवढ्यात महाबळेश्वरला चार दिवस झाले असते. आत शिरल्याबरोबर बाहेर पडायची दोन दारं बघून ठेवा. कानात इअरप्लग. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधी ठरवा, कॅसिनोत फोनवरून "मी मशीनपाशी आहे" सांगून काही उपयोग नाही.

दिवे मात्र बघितले. बेलाजिओ हॉटेलसमोरचं कारंजं संध्याकाळी आठनंतर दर पंधरा मिनिटांनी असतं, त्यामुळे गर्दी बघून मागे उभं राहिलं तरी चालतं, एक शो गेला तर दुसरा. आम्ही तीन बघितले. स्फिअर, तो ३६६ फुटी गोळा, बाहेरूनच बघितला, आत मला झेपलं नसतं आणि तिकीटही खिशाला झेपलं नसतं. फ्रीमॉन्ट स्ट्रीट, म्हणजे जुन्या वेगासचा दिव्यांचा रस्ता, मी सोडलं, नवरा आणि आई डबल डेकर ड्यूस बसने जाऊन आले, चोवीस तासांचा पास काढा, स्ट्रिप, म्हणजे मोठ्या हॉटेलांचा मुख्य रस्ता, चार मैलांची आहे, चालत संपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रेड रॉक कॅनियन, पश्चिमेला सतरा मैल. १३ मैलांचा वन-वे रस्ता, लाल डोंगर, चिटपाखरू नाही. ऑक्टोबर ते मे आधी वेळ बुक करावी लागते, गेटवर जाऊन परत फिरू नका. तिथे दगडावर बसून आईने घरून आणलेली संत्री सोलली.

परतीला पुन्हा बेकरपर्यंत मी चालवलं. आता तोच लांब रस्ता उताराचा, हात थंड पडले, पण थांबावं लागलं नाही. हद्द ओलांडून कॅलिफोर्नियात शिरताना शेतीखात्याची तपासणी चौकी येते, तिथे फळं आहेत का विचारतात, संत्र्या-लिंबांबाबत तर फारच कडक. हे मी प्रिमला सांगितलं आणि आईच्या पिशवीत अजून चार संत्री. टाकायची तिची तयारी नाही. आमच्याच अंगणातली, कॅलिफोर्नियातून आलेली, कॅलिफोर्नियात चाललेली, पण वाद कोण घालणार. गाडी बाजूला लावून तिघांनी वाऱ्यात उभं राहून चारही संपवली, सालं कचऱ्यात टाकली, हात पुसले.

चौकीवरच्या माणसाने बघितलंही नाही, हातानेच जा म्हणून सांगितलं.

"उगाच खाल्ली," आई म्हणाली.