तुम्ही विचारलंत म्हणून: हळदीच्या कॅप्सूल चालतात का?

"ताई, टॅमॉक्सिफेन चालू असताना हळदीच्या कॅप्सूल घेतल्या तर चालतं का? हळदच तर आहे." दर आठ-पंधरा दिवसांनी कुणाचा तरी हाच फोन येतो, कारण ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन होऊन मला चार वर्षं झालीत आणि कॅन्सर परत येऊ नये म्हणून देतात ती ही गोळी मीही रोज रात्री घेते. म्हणून एकदाच लिहून ठेवते.

मी घेत नाही. पण घेत होते, मावसबहिणीने प्रेमाने आणून दिलेल्या, सहा महिने, सकाळ-संध्याकाळ एकेक, आणि डॉक्टरबाई दर वेळी "बाकी काही औषधं?" विचारायच्या तेव्हा मी नाही म्हणायचे. खोटं बोलत नव्हते हो, हळदीला औषध म्हणायचं डोक्यातच आलं नाही. एकदा पिशवीतून फाइल काढताना बाटली टेबलावर आली, बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून मागची बारीक अक्षरं वाचली, कर्क्युमिन (हळदीतलं मुख्य द्रव्य) ९५ टक्के आणि खाली पाइपरिन. पाइपरिन म्हणजे काळ्या मिरीतलं द्रव्य, कर्क्युमिन अंगाला नीट लागत नाही म्हणून सोबत घालतात. आपल्या मिसळणाच्या डब्यातल्या हळदीत कर्क्युमिन असतं तीनेक टक्के, तेही आमटीत चिमूटभर.

टॅमॉक्सिफेनचं लिव्हरमध्ये एंडॉक्सिफेन बनतं आणि खरं काम बरंचसं तेच करतं. २०१९ साली रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी १६ पेशंटना टॅमॉक्सिफेनसोबत १२०० मिलिग्रॅम कर्क्युमिन दिवसातून तीनदा दिलं, तर रक्तातलं एंडॉक्सिफेन सरासरी आठेक टक्क्यांनी उतरलं आणि पाइपरिन जोडीला दिल्यावर बाराएक टक्क्यांनी. आकडा छोटा वाटेल, पण काहींच्या लिव्हरमध्ये ते मुळातच कमी बनतं आणि आपण त्यातल्या आहोत का हे आपल्याला कुठे ठाऊक असतं.

दुसरं औषध असेल तर गणितच वेगळं, मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरवरच्या बॉर्टेझोमिब या औषधाला ग्रीन टीतलं एक द्रव्य चिकटून बसतं आणि औषध निकामी होतं हे २००९ साली उंदरांवर दिसलंय. म्हणून माझ्या गोळीचं उत्तर तुमच्या केमोला लावू नका, तुमच्याच डॉक्टरांना बाटली दाखवा.

मावसबहीण ऐकून रडायलाच लागली, तिचा काय दोष त्यात. आता फॉलोअपला जाताना काढा, चूर्ण, कॅप्सूल, घरात जे येईल ते पिशवीत घालून नेते. आणि हो, जेवणातली हळद पहिल्यासारखीच घालते, त्याला बाईंनी कधीच हरकत घेतली नाही.