दृढीकरणाच्या वर्गाची रोजनिशी

रविवार, रात्री

आमच्या मंडळीतला (चर्चमधला) कापणीचा सण आज पार पडला. परतीच्या पावसाने सोयाबीन काळे पडले आणि कपाशीची बोंडे भिजली, तरीही वेदीपुढची जागा भरलेली होती. बाजरीची कणसे, तुरीच्या हिरव्या शेंगा, उसाची मोळी, पेरू, अंड्यांची पाटी आणि पाय सुतळीने बांधलेल्या दोन कोंबड्या. पाळकसाहेबांचा संदेश चालू असताना या कोंबड्यांनी अधूनमधून आपला अभिप्रायही नोंदवला. उपासनेनंतर आवारातल्या कडुलिंबाखाली लिलाव झाला. ज्या दुधी भोपळ्याला नेवाशाच्या बाजारात कोणी वीस-तीस रुपयांपेक्षा अधिक देणार नाही, तो प्रथम दोनशेला गेला. घेणाऱ्याने तो तिथल्या तिथे परत दान केला, मग तो तीनशेला गेला, पुन्हा परत आला आणि अखेरीस ऊसतोडीला निघायच्या तयारीत असलेल्या एका बाईंनी तो दीडशेला घेऊन खरोखरच घरी नेला. बाहेरच्या माणसाला हा पोरखेळ वाटेल. मला मात्र वाटते की, वर्षभर ज्यांच्या हाती रोख पैसा खेळत नाही त्यांना निदान या एका दिवशी चारचौघांत देणारे म्हणून उभे राहता यावे, याची सोय आमच्या आज्या-पणज्यांनी या लिलावात करून ठेवली आहे.

हिशेब लिहिणाऱ्या काकांचा चष्मा घरी राहिला होता. म्हणून वही माझ्या दृढीकरणाच्या वर्गातील (बाप्तिस्मा झालेली मुले मोठी झाल्यावर बिशपांपुढे आपला विश्वास स्वतः कबूल करतात, त्या विधीच्या तयारीच्या वर्गातील) एका मुलीच्या हातात देण्यात आली. ती अकरावीला आहे, अक्षर मोत्यासारखे आहे आणि एरवी उपासनेत ती सर्वांत मागच्या बाकावर बसते. आज मात्र लिलाव पुकारणाऱ्याने दोन बोली एकत्र केल्या तेव्हा तिने त्याला मोठ्या आवाजात थांबवले, आणि वडीलधारी माणसे निमूटपणे थांबली. शेवटी तिने बेरीज वाचून दाखवली व वही माझ्याकडे देताना विचारले, “बाई, हे पैसे आता कुठे जाणार?” बुधवारी वर्गात सांगते, असे मी म्हणाले.

बुधवार

आजचा नेमलेला धडा प्रेषितांच्या विश्वासांगीकारातील, म्हणजे उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या कबुलीतील, ‘पवित्र सार्वत्रिक मंडळी’ या कलमाचा होता. मुलांना तो तोंडपाठ आहे. दहा आज्ञा पाठ आहेत, प्रभूची प्रार्थना तर झोपेतही म्हणतील. बिशप येतील, डोक्यावर हात ठेवतील, फोटो निघतील, बिर्याणी होईल आणि त्यानंतर यांतील निम्मी मुले नाताळ व शुभ शुक्रवार सोडता मंदिरात दिसणार नाहीत, हे गेली अनेक वर्षे मी पाहत आले आहे. पाळकसाहेबांना याचे कारण मोबाइल वाटते. माझ्या मते कारण निराळे आहे : आपण मुलांना उत्तरे शिकवतो, पण ज्यावाचून मंडळीचे अडेल असे एकही काम त्यांच्यावर सोपवत नाही.

म्हणून धडा बाजूला ठेवून मी फळ्यावर मंडळीचा वर्षाचा खर्च मांडला. पाळकांचा पगार, धर्मप्रांताकडे (बिशपांच्या अखत्यारीतल्या विभागाकडे) जाणारा वाटा, वीजबिल, छताची डागडुजी, नाताळची रोषणाई आणि मग अगदी तळाशी ‘गरजूंना मदत’. तळाचा आकडा पाहून मुले एकमेकांकडे बघू लागली. ती मुलगी म्हणाली, “म्हणजे दुधीचे पैसे ट्यूबलाइटला.” वर्ग हसला, मीही हसले, पण वाक्य खोटे नव्हते.

हे असे का झाले, ते सांगायला मला मागे जावे लागले. बॉस्टनच्या मिशनरी संस्थेच्या अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरात १८३१ साली ठाणे घातले. त्यानंतर शाळा आल्या, वसतिगृहे आली, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले, १८७८ मध्ये पाळक घडवणारे विद्यालय उभे राहिले. सिंथिया फॅरारबाईंनी नगरमध्ये मुलींना शिकवण्यात आयुष्य घालवले आणि त्यांच्याच हाताखाली सावित्रीबाई फुले अध्यापनाचे धडे गिरवून गेल्या. या सगळ्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. माझी आजी त्याच शाळांमुळे अक्षर ओळखू शकली. परंतु पगार बॉस्टनहून येत, इमारती तिकडच्या पैशांतून उठत आणि निर्णय मिशनऱ्यांच्या बंगल्यावर होत, त्यामुळे गावोगावच्या मंडळ्यांना घेण्याची सवय लागली ती लागलीच. बंगल्यातले साहेब गेले, तरी आपली नजर अजून बंगल्याच्या फाटकाकडेच आहे. फरक एवढाच की, आता तिथे धर्मप्रांताचे कार्यालय आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना हे शंभर वर्षांपूर्वी सलत होते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या माणसाने दोन दशकांहून अधिक काळ मिशनबरोबर काम केले आणि १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीचा राजीनामा देऊन ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य एका पंगतीला बसावेत, पगारी चाकरीऐवजी बंधुभाव असावा आणि येशूची भक्ती या मातीच्या चालीने व्हावी, अशी त्यांची कल्पना होती. १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले आणि दरबार मूळ धरण्याआधीच उठला. त्यांची भजने आपण दर रविवारी गातो. त्यांचा राजीनामा मात्र कोणी वाचत नाही.

मुलांना सर्वांत आवडली ती दोर्नकलची गोष्ट. तिथले बिशप व्ही. एस. अझरिया १९१२ साली भारतीयांतील पहिले अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले) बिशप झाले. त्यांच्या तेलुगू मुलखात शेतमजुरांची गावेच्या गावे मंडळीत येत होती आणि बाप्तिस्मा घेणाऱ्याने स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून बायबलमधले प्रेषित पौलाचे वाक्य म्हणावे, अशी प्रथा त्यांनी घातली होती : ‘मी सुवार्ता सांगितली नाही, तर माझी केवढी दुर्दशा होणार.’ म्हणजे ज्याला अजून धड वाचता येत नाही, तोही पहिल्याच दिवसापासून देणारा. आमच्या मुलांनी लगेच आपापल्या डोक्यावर हात ठेवून पाहिले, थोडा गोंधळ झाला, एकाने शेजाऱ्याच्या डोक्यावर टपली मारली. बिशपांच्या हाताखाली डोके देण्याच्या वर्गात स्वतःचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवण्याची ही आठवण निघाली, ते बरेच झाले.

मिझोरामच्या बायकांविषयीही सांगायचे होते. प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी एक मूठ तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढण्याची त्यांची रीत १९१० च्या सुमारास सुरू झाली आणि त्या मुठींतून तिथल्या मंडळीने कितीतरी कामे स्वतःच्या हिमतीवर उभी केली. वेळ संपला. पुढच्या खेपेस.

शुक्रवार

वर्गातील एक मुलगा संध्याकाळी घरी आला. चहा घेतला, बराच वेळ इकडचे तिकडचे बोलला आणि मग म्हणाला की, दृढीकरणाच्या नोंदवहीत त्याचे नाव आले तर पुढे काही अडचण होईल का, असे त्याच्या वडिलांनी विचारायला सांगितले आहे.

अडचण कोणती, ते आमच्या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. नगर जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती घराणी महार आणि मांग समाजांतून आलेली आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू धर्माशी बांधला गेला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो खुला झाला, ख्रिस्ती आणि मुसलमान मात्र बाहेरच राहिले. गावच्या नजरेत जात जशीच्या तशी, कागदावर मात्र ती पुसलेली. मग काही घरांत दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, असा संसार वर्षानुवर्षे चालतो. व्यासपीठावरून या घरांना ‘अल्पविश्वासी’ म्हणणारे उपदेशक मी ऐकले आहेत. ज्यांची स्वतःची मुले मिशनच्या शाळेतून थेट पुण्या-मुंबईच्या नोकऱ्यांत गेली, त्यांनी तरी हा शब्द वापरू नये, असे मला वाटते.

त्या मुलाला मी धीर देणारे वाक्य दिले नाही. नोंदवही ही मंडळीची आहे आणि तिच्यात खरे तेच लिहिले जाईल, एवढे सांगितले. दृढीकरण या वर्षीच झाले पाहिजे असे नाही, तोपर्यंत वर्गात येत राहा, हेही सांगितले. शिवाय उद्याच्या भेटींना ढोलकी वाजवायला दुसरे कोणी नाही, हेही सांगितले, आणि ते तर अक्षरशः खरे होते. “ढोलकीला दाखला लागत नाही ना बाई?” असे विचारून तो गेला. पोराची जीभ तिखट आहे.

शनिवार

आजारी आणि म्हाताऱ्या माणसांच्या घरी वर्ग घेऊन गेले. सगळ्यांचे वर्णन करत नाही, कारण तीन ठिकाणी दूरदर्शनसंच बंद करण्यावरूनच वेळ गेला. परंतु वस्तीच्या टोकाला राहणाऱ्या आजींकडे जे घडले, ते लिहून ठेवले पाहिजे.

आजींना आता दिसत नाही. आम्ही दारात “सलाम, आजी” म्हटले, तर त्यांनी आवाजावरून ओळखून एकेकाच्या बापाचे नाव घेतले. मुलांनी टिळकांचे एक भजन सुरू केले, मोबाइलवर ऐकून बसवलेल्या नव्या चालीत. पहिले कडवे आजींनी ऐकून घेतले आणि दुसऱ्याला हात वर करून थांबवले. “असं नाही,” त्या म्हणाल्या आणि मांडीवर ताल धरून जुन्या, वारकऱ्यांच्या दिंडीत शोभेल अशा चालीत त्यांनी ते म्हणायला घेतले. मध्येच एक ओळ आली, जी मुलांच्या म्हणण्यात गळलीच होती. ढोलकीवाला पोरगा काही क्षण गडबडला, मग त्याने आजींच्या मांडीकडे पाहत ठेका उचलला. त्या गात राहिल्या, मुले मागून म्हणत राहिली आणि असे पाचसहा वेळा झाल्यावर ती गळलेली ओळ सर्वांना पाठ झाली.

आजी कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांच्या लहानपणी नगरहून ख्रिस्ती कीर्तनकार येत, रात्र रात्र कीर्तन चाले आणि त्यातून त्या आख्यानांसकट पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, शिकल्या. कीर्तनाचा हा मार्ग नगरच्या मिशनने १८६० च्या दशकातच पत्करला होता. ज्या गावात वाचता येणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, तिथे पुस्तकापेक्षा टाळ-वीणा अधिक पोचते, हे एतद्देशीय उपदेशकांना कोणी शिकवावे लागले नाही. आज आमच्या मंडळीत कीर्तन करू शकेल असे कोणी उरलेले नाही. धर्मप्रांताच्या शिबिरांत प्रोजेक्टर असतो.

निघताना आजींनी प्रार्थना कोण करणार, असे विचारले. मी मुद्दाम गप्प बसले. बरीच चुळबुळ झाल्यावर हिशेब लिहिणाऱ्या मुलीने केली : आजींच्या गुडघ्यांसाठी, पावसासाठी आणि आजींच्या नातवाला नोकरी लागावी म्हणून. आजींनी “आमेन” म्हटले आणि लगेच पुस्ती जोडली, “नातवाची दारू सुटावी, असंही म्हण.” तिने पुन्हा डोळे मिटले आणि तेही म्हटले.

रविवार

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा ख्रिस्ती संप्रदाय एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली, त्याचे स्मरण आज उपासनेत केले. त्यानंतर पास्टरेट कमिटीची, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीची, बैठक झाली. विषय एकच, लिलावाचे पैसे. तरुण संघाला नवे स्पीकर आणि मिक्सर हवे आहेत, कारण मैदानावर मोठी सभा घ्यायची आहे. मी त्याला विरोध केला. आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, १९७० सालीच डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काय केले, ते सांगितले. उच्चशिक्षित ख्रिस्ती डॉक्टर दांपत्य, पण लोकांनी औषधाआधी पाणी मागितले म्हणून त्यांनी पाणी दिले. बोअरच्या जागा दलित वस्तीत निवडल्या, म्हणजे गावातल्या बायकांना हंडा घेऊन तिथे यावेच लागले. पुढे खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर आणि बऱ्याचशा दलित बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून त्यांनी असे तयार केले की, जगभरातून लोक ते पाहायला येऊ लागले. मैदान नाही, मांडव नाही, आणि तरी त्या दोघांचा देव कोणता आहे हे पंचक्रोशीत कोणाला विचारावे लागले नाही.

माझे बोलणे सर्वांनी आदराने ऐकले, म्हणजे आता हिचे ऐकायचे नाही हे ठरले. गंमत अशी की, निमंत्रित म्हणून बसलेली ती हिशेबवाली मुलगीही स्पीकरच्या बाजूने बोलली. मागच्या बाकांवर काहीच ऐकू येत नाही, आजींसारख्या माणसांना तर मुळीच नाही, असे तिचे म्हणणे. ती मागच्याच बाकावर बसते, तेव्हा तिला ठाऊक असणार. मला राग आला आणि मुद्दा रास्त आहे हेही दिसले. शेवटी असे ठरले की, मोठी सभा तूर्त नाही, एक साधा स्पीकर मंदिरात बसवायचा आणि उरलेली रक्कम ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतील जी मुले म्हाताऱ्यांजवळ मागे राहतात, त्यांच्या वह्या-पुस्तकांसाठी आणि संध्याकाळच्या खाण्यासाठी ठेवायची. ती मुले कोणाकडे आहेत याची यादी माझा वर्ग करील.

हिशेबाच्या काकांनी त्या मुलीला मदतनीस म्हणून मागून घेतले. तिने एक अट घातली : दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जमाखर्च उपासनेनंतर मोठ्याने वाचला जावा. यावर कमिटीतल्या एका वडीलधाऱ्यांनी घसा खाकरला, दुसऱ्यांनी मंडळीच्या घटनेत तशी तरतूद आहे का असे विचारले, पण पाळकसाहेबांनी मंजुरी देऊन टाकली. पहिले वाचन येत्या रविवारी आहे. वीजबिलाच्या मागच्या पावत्या कपाटात सापडत नाहीत म्हणून तिचा मला आत्ताच दुसऱ्यांदा फोन येऊन गेला. ढोलकीवाल्याला घेऊन ती उद्या शाळेआधी काकांच्या घरी जाणार आहे.