ज्वारीचा वास हा दोष कसा?

गेल्या रविवारी सांगलीत विश्रामबागेत आमच्या गच्चीवर चौघांनी मिळून बियर टेस्टिंग केलं आणि त्यात एका मित्रानं कागदावर "दोष - ज्वारीचा वास येतोय" असं लिहून सरळ पाच मार्क कापले, तिथनं जो वाद सुरू झाला तो अजून डोक्यातनं जात नाही म्हणून लिहायला बसलोय.

मागचं थोडं सांगतो. मला सिलिॲक आहे, म्हणजे गहू-बार्लीतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटाला चालत नाही. चार वर्षं पोट बिघडायचं, वजन उतरत चाललेलं, जो तो ॲसिडिटी म्हणायचा, शेवटी मिरजेत एका डॉक्टरांनी रक्ताची टीटीजी टेस्ट आणि एंडोस्कोपी करून सांगितलं की गहू कायमचा बंद. आमच्याकडं शाळूची भाकरी रोजचीच, त्यामुळं जेवणाचं फार अडलं नाही, तरी हिंगाची डबीसुद्धा वाचून घ्यायला लागते कारण खड्याचा नसलेल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. बियर मात्र गेलीच. बियर बार्लीची, आणि बार्लीत ग्लुटेन आलंच. महिन्यातनं एकदा मित्रांबरोबर बसणं व्हायचं ते सोडा-लिंबावर आलं.

तर ताई आणि दाजी युरोपातनं आले आणि दाजींनी खास माझ्यासाठी सहा बाटल्या शोधून आणल्या, ३३० एमएलच्या, म्हणजे कस्टमच्या दोन लिटरच्या नियमात बरोबर बसणाऱ्या. तीन प्रकार, प्रत्येकी दोन. सगळ्यांवर ग्लुटेन फ्री लिहिलेलं. म्हणलं नुसतं पिऊन संपवायचं नाही, नीट तपासायचं. बियरची परीक्षा करायची अमेरिकेतली एक पद्धत आहे, बीजेसीपी, १९८५ पासूनची, त्यात ५० मार्क असतात, वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५ आणि एकूण कशी वाटली त्याला १०. तसे कागद आखले. मित्रानं भडंग आणलं होतं ते बाजूला ठेवायला लावलं, लसूण-मिरचीनं जीभ एकदा पेटली की पुढं काय कळणार. आईनं नागपंचमीला करते तशा शाळूच्या लाह्या भाजून दिल्या, बिनमिठाच्या, दोन घोटांच्या मधे खायला. बाटल्या पंधरा मिनिटं आधी फ्रीजबाहेर काढल्या कारण फार गार बियरचा वास बसून जातो.

पहिली फिक्कट, ज्वारी, तांदूळ आणि कुट्टूची. फेस दोन बोटं वर आला, पण बुडबुडे मोठे, साबणाच्या पाण्यासारखे, आणि मिनिटभरात काठाला बारीक कडी राहिली फक्त. फेस धरून ठेवायला बार्लीतली प्रथिनं मदत करतात, ती इथं नाहीत. वास घेतला तर आधी हॉप्सचा, म्हणजे बियरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, लिंबाच्या सालीसारखा, आणि ग्लास दोन्ही तळव्यांत धरून जरा कोमट केला तर मागनं हळूच भाकरी तव्यावर टाकून वरनं पाणी फिरवतो ना, त्या वेळचा वास. मला तर एकदम आवडला. मित्रानं तिथंच दोष लिहिला.

"अरे भावा, बियरला बियरचा वास पाहिजे की."

मी म्हणलं तू ज्याला बियरचा वास म्हणतोस तो बार्लीचा वास आहे. दक्षिण आफ्रिकेत उमकोम्बोथी म्हणून ज्वारी-मक्याची बियर पिढ्यान्‌पिढ्या घरात करतात. नायजेरियानं १९८८ मध्ये बार्ली माल्टची आयात बंद केली तेव्हा तिथल्या मोठ्या ब्रुअरीज ज्वारीवर लागर बियर करायला लागल्या. त्यांच्या नाकाला हाच बियरचा वास. तेवढ्यात आई लाह्या घेऊन वर आली, तिनं आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, पण ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाली, "ह्याला तर आंबलीचा वास येतोय की रे, रात्री भिजवून ठेवलेल्या." एका श्वासात ओळखलं! आणि माल्ट तरी काय वेगळं असतं, आई नाचणीचं सत्त्व करताना भिजवते, मोड आणते, वाळवते, दळते, तेच. मोड आले की दाण्यात एन्झाइम तयार होतात आणि ती स्टार्चची साखर करतात. ज्वारीची अडचण अशी की तिचा स्टार्च नीट शिजायला सत्तर डिग्रीच्या आसपास किंवा वर उष्णता लागते आणि तेवढ्यात ही एन्झाइम मरायला लागतात, शिवाय मळणीत टरफल निघून जातं, त्यामुळं गाळायला थर बसत नाही, मग भाताचं तूस घालायला लागतं. एवढं सगळं करून कुणीतरी ती बाटली भरलीय आणि आपण, ज्यांनी हुरडा खाऊन हिवाळे काढलेत, आपणच म्हणायचं ज्वारीचा वास दोष?

बीजेसीपीतसुद्धा वेगळ्या धान्याच्या बियरसाठी ३१ ए नावाचा स्वतंत्र गट आहे, धान्य कुठलं ते आधी सांगायचं, आणि त्या धान्याची चव बियरशी कशी जमलीय ते परीक्षकानं बघायचं. हे दाखवल्यावर मित्रानं परत घोट घेतला आणि २४ चे २७ केले. मी २९ दिले. जास्त नाही दिले, कारण गिळल्यावर जिभेच्या कडेला नाणं चाटल्यासारखी धातूची चव राहत होती आणि बियर तोंडात पाण्यासारखी पातळ. तो खरा दोष, तो मी लिहिला. "ग्लुटेन फ्री आहे म्हणून चालतंय" असली दया करायची नाही, त्यानं करणाऱ्याचाही अपमान होतो आणि पिणाऱ्याचाही.

दुसरी काळपट होती, तिच्यात तोच ज्वारीचा वास खरपूस होऊन आलेला, भाकरीच्या करपलेल्या कडेसारखा, आणि लाह्यांबरोबर तर अशी जमली की बोलणंच थांबलं. तिला ३६. दाजींनी ३८ दिले.

तिसरी उघडायच्या आधी मागचं लेबल वाचलं. बारीक पण ठळक अक्षरात बार्ली माल्ट. म्हणजे बार्लीचीच बियर, एन्झाइम घालून ग्लुटेनचे तुकडे केलेली. किलोमागे २० मिलिग्रॅमच्या खाली आलं की युरोपात ग्लुटेन फ्री लिहिता येतं. पण आंबवलेल्या पदार्थात ते तुकडे नेहमीच्या टेस्टला नीट सापडतीलच असं नाही, त्यामुळंच अमेरिकेत अशा बियरला ग्लुटेन फ्री म्हणायला मनाई आहे. दाजींचा चेहरा उतरला. मी म्हणलं, "दाजी, तुमचं काय चुकलं, समोर लिहिलंयच तसं." तिघांनी ती घेतली, फेस शेवटपर्यंत टिकला, काचेवर जाळी राहिली, ३९, ४०, ४१ पडले. मी ग्लास नाकाशी धरून डोळे मिटले, सहा वर्षांनी तो वास आला. वासाचे १२ पैकी १० लिहिले आणि बाकीचे रकाने मोकळे ठेवले.